दादाच्या जाळ्यावरचा दिवा

घिवलीचा रूपेश तारापूरच्या कारखान्यात पॅनेल दुरुस्त करतो, आणि म्हणून घरात स्वतःला इंजिनिअर समजतो. मोठा भाऊ शांताराम होडीवर. जाळ्याच्या टोकाला तरंगणाऱ्या बोयावर दिवा हवा, नाहीतर मोठ्या बोटी अंधारात जाळं फाडून जातात. "विकतचा कशाला? मी बनवतो," रूपेशने छाती काढून सांगितलं.

काम तसं सोपं. एका सेलचे दीड व्होल्ट, एलईडीला हवेत तीन, म्हणून मधे व्होल्ट चढवणारं छोटं सर्किट. पण कारखान्याची सवय अंगात मुरलेली: लागेल त्याच्या दुप्पट घ्या, म्हणजे साहेब ओरडत नाहीत. भंगारातल्या मशीनचा जाडजूड ट्रान्झिस्टर, अंगठ्याएवढा डायोड, नारळाएवढी नाही पण लिंबाएवढी कॉइल! नवा सेल घातला, दिवा लख्ख पेटला. चहा संपेपर्यंत पेटलेला राहिला. झाली चाचणी. बायको भाग्यश्री म्हणाली, "सेल उतरल्यावर काय?" त्यावर या इंजिनिअरसाहेबांनी तिला ओव्हरलोड म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

त्याच रात्री दिवा बोयावर चढला. सकाळी शांताराम आला तो फाटकं जाळं खांद्यावर घेऊन. दिवा मध्येच विझला होता आणि कुठलीतरी बोट वरून गेली होती.

रूपेशने सर्किट उघडून मोजलं आणि कपाळावर हात मारला. सेलमधलं निम्मं बळ त्या दांडग्या मंडळींच्याच पोटात जात होतं. अरे गाढवा, दिवा एवढासा, त्याला एवढे पैलवान कशाला? मग त्याने बारीक ट्रान्झिस्टर, कमी व्होल्ट खाणारा शॉटकी डायोड, बेताची कॉइल असं सगळं नव्याने निवडलं. या वेळी मुद्दाम उतरलेला सेल घातला. दिवा मंद, पण पेटत राहिला.

तरी तो घेऊन जायची त्याला लाज वाटली. शांताराम किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता. रूपेश शेजारी बसला आणि कसंबसं म्हणाला, "दादा, माझी चूक झाली. तू बाजारातलाच दिवा घे."

शांतारामने मान वर केली नाही. "बाजारातला इजला त शिव्या कोणाला घालू? तुझाच दे."

रूपेशला रडू आलं. त्याने गुपचूप जाळ्याचं दुसरं टोक ओढून घेतलं आणि सांधायला लागला. तेही त्याला धड जमत नव्हतं.