सुभद्राबाईंच्या तीन चिठ्ठ्या

रोज सकाळी पर्स खांद्यावरून उतरवण्याआधीच गोपिका लांजेवार आदल्या दिवशीच्या नोंदी उघडायची. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्याचा प्रोग्राम तिने लिहिला होता. तो तपासणीची मागणी लॅबच्या सर्व्हरला पाठवायचा आणि उत्तर घेऊन यायचा. कोणती मागणी गेली, कोणतं उत्तर आलं, ती पडद्यावर बोट फिरवत वाचायची; तांदूळ निवडावेत तशी.

त्या मंगळवारी बोट थांबलं. सुभद्रा, वय सदुसष्ट, रामटेक. एकच मागणी पाच-पाच सेकंदांनी तीनदा गेली होती.

ती वॉर्डात धावली. सुभद्राबाईंच्या हातांवर तीन ठिकाणी कालचा कापूस होता. "रगत कमी म्हणून आणलं मले, अन् हे काढूनच राहिले, पोरी."

रक्त काढण्याच्या तीन चिठ्ठ्या वॉर्डात छापून आल्या, तेव्हा नर्स मायाला वाटलं, डॉक्टरांना तीनदा नमुना हवाय.

गोपिकाची कानशिलं तापली. मागण्या पाठवणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे प्रोग्राममधल्या तयार कोडला, तिने नियम घालून दिला होता: रिपोर्ट झाला का, हे कितीदाही विचार, रक्त काढा, हे एकदाच सांग. उत्तर आलं नाही म्हणून निरोप पोचलाच नाही, असं नसतं. तिचे साहेब अनंत यांनी तो नियम महिन्यापूर्वी काढून टाकला होता. बड्या डॉक्टरांसमोर स्क्रीन अडकलेली दिसू नये, एवढ्यासाठी. तेव्हापासून उत्तराला उशीर झाला की प्रोग्राम तीच मागणी पुन्हा पाठवत होता.

दुपारी अनंतनी कागद पुढे सरकवला. त्यात मायाचा निष्काळजीपणा, खाली गोपिकाच्या सहीची जागा.

"प्रोग्राम बरोबर आहे, एवढंच लिहून द्यायचं."

"बरोबर होता. तुम्ही हात लावेपर्यंत."

"काहून एवढ्या तापून राहिल्या मॅडम? नर्स काय, दुसरी भेटते."

"अन् त्या बाईचं रक्त? ते कोणत्या सर्व्हरवरून मागवता?"

तिने कागद उलटा केला. नियम कोणी काढला, कोणत्या तारखेला, सगळं पाठीवर लिहिलं आणि ठसठशीत सही केली. मग तो स्वतः नेऊन मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. परत येऊन नियम पुन्हा घातला.

मायाची नोकरी वाचली. संध्याकाळपर्यंत गोपिकाचा पासवर्ड मात्र बंद झाला होता.

माया पार्किंगमध्ये गोपिकाच्या स्कूटीला धरून रडत उभी राहिली. "ताई, माह्यापायी झालं हे."

गोपिकाने डिकीत डबा ठेवला, हेल्मेट घातलं.

"सरक वं जराशी, गाडी काढू दे."