कंपाउंडरनं खून केला!

दिग्रसच्या गुलाबराव कंपाउंडरांना मी एका दुपारी खुनी ठरवलं. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

लग्न होऊन मी नुकतीच यवतमाळहून आले होते. सासूबाईंना वाचता येत नसे, पण माझ्या मासिकातली क्रमशः रहस्यकथा माझ्याकडून ऐकून त्यांना तिचं असं वेड लागलं, की अंक आला रे आला की गल्लीभर बोलावणं जाई! कथेतल्या जमीनदाराला विष कोणी दिलं, यावरून पापड लाटताना भांडणं होत.

"त्याची बायकोच असन!"

"नाई व! तो वकील कायले इतका गोड बोलते?"

शेवटच्या भागाच्या दिवशी ओसरी बायकांनी भरली, चहा उकळला, आणि अंकच आला नाही!

"वाच व सुनबाई," सासूबाई ऐटीत म्हणाल्या.

त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून (आणि मॅट्रिक झाल्याचा तोरा म्हणूनही!) मी जुनाच अंक उघडला आणि मनानंच वाचत सुटले. पण खुनी कोणाला करावं? समोर कोनाड्यात गुलाबरावांनी दिलेली मामंजींच्या खोकल्याची बाटली दिसली.

"विष घातलं होतं... कंपाउंडरनं!"

ओसरी गार पडली.

"मले वाटलंच होतं!" शेजारच्या कौसल्याकाकू म्हणाल्या. (तोवर कथेत कंपाउंडर नावालाही नव्हता!)

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ती बाटली मोरीत ओतली.

"अवं, मी खोकून राह्यलो इथं!" मामंजी ओरडले.

"खोका खुशाल. जित्ता मानूसच खोकते!"

"आत्याबाई, गोष्टीतला कंपाउंडर वेगळा," मी घाबरून सासूबाईंना म्हटलं.

"आपल्या गावात दुसरा हाय काय?"

बघता बघता सारी गल्ली काढ्यावर आली. शेवटी गुलाबराव स्वतःच सायकलवरून दारात उतरले. आता हे भांडणार म्हणून मी पदर सावरून उभी राहिले. तर ते ओसरीवर टेकले आणि हळूच म्हणाले,

"बाई, लोक माह्या हातची दवाई घेऊन नाई राह्यले. ते जाऊ द्या. पन मले सांगा, मी त्याले मारलं कायले?"

हे तर मी ठरवलंच नव्हतं!

"रागानं," मी पुटपुटले.

"कोन्या रागानं?"

"जुन्या."

"हाव व, कायचा राग?" सासूबाईही सरसावल्या. "हे तं तू वाचलंच नाई!"

तेवढ्यात पोस्टमननं हाक मारली. अडकलेला अंक! देवच पावला! रागाचं कारण यात असेल म्हणून सासूबाईंनी तिथल्या तिथे बायका गोळा केल्या आणि मी घडाघडा वाचलं. खुनी निघाला जमीनदाराचा भाऊ. एकेक गाठ अशी सुटत गेली, की गुलाबरावांनीही टाळ्या वाजवल्या. मामंजींना ताबडतोब नवी बाटली मिळाली.

"पन मंग मांगच्या खेपेला कंपाउंडरचं काहून छापलं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

मी अंकाची पानं उगाच चाळू लागले.

"लिवणाऱ्याची तब्येत बरी नसन तवा," कौसल्याकाकूंनी निकाल दिला. "त्या भागाले ना शेंडा, ना बुडूख!"

साऱ्यांनी माना डोलावल्या. गुलाबराव तर कळवळलेच. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली.

"पत्ता द्या बाई. डोक्याच्या ताकदीची दवाई हाय, पाठवून देतो बिचाऱ्याले."

"माझ्याजवळच द्या," मी म्हटलं, "मी पोचवते."

फार कडू होती हो!