उतारावरचं गाऱ्हाणं

कोकणात मसुऱ्याच्या सड्यावर, म्हणजे गावाजवळच्या कातळी पठारावर, कच्च्या वाटांवरून मोटारसायकल चालवायला शिकवणारी एक शाळा आहे. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर, घरच्यांच्या मते डोकं फिरल्यावर, मी तिथे नाव नोंदवलं. तिथले गुरुजी माझ्याहून वीस वर्षांनी लहान. गुडघ्यांवर जाड प्लास्टिकच्या वाट्या आणि बोलणं अस्सल मालवणी. आपटलेल्या माणसाला ते कधी 'तो पडलो' म्हणत नाहीत, 'तो बसलो' म्हणतात.

रोज गाड्या सुरू करण्याआधी ते देवाला गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा गाडी शिकाक इली आसत, तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा!"

आम्ही हात जोडून ओरडतो, "व्हय म्हाराजा!"

एक दिवस मी, शिकवल्याप्रमाणे, गाडीच्या फूटरेस्टवर उभा राहून जांभ्या दगडाचा उतार उतरत होतो. पुढचं चाक जरा डगमगलं. खाली उभ्या असलेल्या गुरुजींच्या तोंडून घाबरून निघालं, "बा देवा म्हाराजा!"

माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

"मास्तर बसले!" म्हणत ते धावत आले. त्यांनी मला करवंदीच्या जाळीतून ओढून काढलं, तेव्हाही हात जोडलेलेच होते. बाकीचे पोट धरून हसत होते. गुरुजी मात्र मान खाली घालून माझ्या कोपरातले काटे काढत बसले.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्यात एक ओळ वाढली. "आणि उतारार माझ्या तोंडाक कुलूप घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. हात मात्र हँडलवर घट्ट होते.