पायजम्यावरचा लाल उजेड

तो लाल दिवा आणायचं खूळ माझंच. सासऱ्यांचा उजवा गुडघा धरला होता. त्यांना मी मामा म्हणते. फौजेतून सुभेदार म्हणून आले, आणि पलूसजवळच्या आमच्या गावात सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा तेच फडकवतात. गेल्या दिवाळीत मात्र त्यांनी सांगून टाकलं, "पोरी, औंदा दुसरं कुणीतरी बघा म्हणावं. जनगणमन संपेस्तवर मी काय उभा ऱ्हात न्हाई." या माणसाच्या तोंडून 'जमत नाही' मी कधी ऐकलंच नव्हतं.

मग मोबाईलवर वाचत सुटले. एक म्हणतो, लाल उजेडानं सांध्यांची सूज उतरते. दुसरा म्हणतो, केससुद्धा उगवतात. तिसरा म्हणतो, सगळं थोतांड. डोक्याचा नुसता भुगा! सांगलीच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "काहींना दुखणं थोडं कमी वाटतं. खात्री मी देणार नाही. गोळ्या आणि व्यायाम मात्र सोडू नका." म्हणजे घ्यायचा की नाही? घेतला बाई एकदाचा.

रोज संध्याकाळी खुर्चीपुढं दिवा मांडायचा, बटण दाबायचं आणि भाकरी थापायला आत जायचं. सून समोर असली की मामा पाय पसरूनही बसत नाहीत, तिथं मी थांबणार कशी? सासूबाईंचा दिव्यावर काडीचा विश्वास नव्हता. "शेकच लागत न्हाई, कसला दिवा त्यो?" त्यांचं आपलं एरंडेल लावून गरम केलेलं रुईचं पान. मामा मात्र रोज म्हणायचे, "लय फरक हाय पोरी." मी हवेत! त्यांनी झेंड्याला होकारही कळवला.

सव्वीसला चार दिवस उरले होते. मोबाईल विसरला म्हणून मी मध्येच बाहेर आले, तर काय! दिवा लागलेला आणि पायजमा घोट्यापर्यंत. आत बांधलेल्या पानाचा फुगवटा दिसत होता.

"आवं मामा, उजेड उघड्या कातडीवर पडायला पाहिजे! रोज असंच बसता?"

"मग? सुनंपुढं गुडघा उघडा टाकून बसू व्हय?"

"मी आत असते की!"

"आलीसच की आता."

मी मोबाईल उचलला आणि आत आले. पण मग फरक पडला तो कशानं? पानानं? गोळ्यांनी? सासूबाई तर जिंकल्यासारख्या घरभर फिरत होत्या. मला काही म्हणजे काही कळेना.

सव्वीसला जनगणमन संपेपर्यंत मामा ताठ उभे राहिले. सगळे झेंड्याकडं बघत होते, मी त्यांच्या पायाकडं. पाय जरासुद्धा हलला नाही. मला रडूच फुटलं.

त्या संध्याकाळी दिवा मांडून मी आत निघाले, तर मागून हाक आली, "थांब पोरी."

मामांनी पायजमा गुडघ्याच्या वर घेतला. पान सोडून बाजूला ठेवलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, तो गुडघा मी पहिल्यांदाच बघत होते. सुजून नारळाएवढा झाला होता.

"फरक काय बी न्हवता," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "तू एवढ्या हौसेनं आणलास, म्हणून म्हणत हुतो. लाव आता. लय दुखतंय."