अव्वांचा बांध

मंद्रूपच्या पुढे काळं रान संपून माळ सुरू होतो, तिथे एक लांबट टेकडी होती. होती म्हणायचं, कारण आता ती नाही. तिच्या माथ्यावर मातीचा एक बांध गोल फिरलेला होता. तो कुणी घातला, कशासाठी, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. बायका त्याला अव्वांचा, म्हणजे आयांचा, बांध म्हणत. जिचं लेकरू जाई ती आई, लेकरू जिथे रांगलं-खेळलं त्या अंगणातली पाटीभर माती खरवडून घेई आणि येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेच्या, दुसऱ्या दिवशी बांधावर नेऊन टाकी. पुढे दर वर्षी एक पाटी. लेकराच्या बांगड्या, फुटकं खेळणं, असलं काहीबाही त्याच मातीत जाई.

माती वाहणाऱ्या बायकांत काशम्मा सगळ्यांत जुनी. तिची अक्षता तीन वर्षांची असताना तापाने गेली. नंतर दोन मुलगे झाले, लग्नं होऊन पुण्याला गेले, पण काशम्माची पाटी कधी चुकली नाही. नवरा सोमलिंग कुरकुरायचा, "त्या पोरीपायी अंगणाला खड्डा पाडलास की." काशम्मा शेतातली माती आणून तो खड्डा बुजवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच खरवडायची. बाई मोठी तोंडाळ, आणि स्वच्छतेचा तर नुसता सोस. पाहुणा वेशीपाशी आला म्हटलं की हिचं घर सारवून तयार. तो पाहुणा शेजाऱ्याकडे चालला असला तरी!

मग रस्त्याचं काम आलं. रुंद रस्त्याला भराव हवा, भरावाला मुरूम हवा, आणि टेकडी तर अख्खी मुरमाची. एका बाजूने पोकलेन लागलं. गावातल्या पुरुषांना टिपरवर कामं मिळाली, त्यामुळे बोलायला कुणी तोंड उघडेना. काशम्मा एकटीच त्या यंत्रापुढे जाऊन शिव्या घालून आली. ड्रायव्हर हसला आणि त्याने गाणं मोठ्याने लावलं.

त्याच सुमाराला सोलापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या दाक्षायणीबाई तिथे आल्या. पावसाने बांधाला एका जागी मोठी घळ पडली होती. त्या घळीत बसून त्यांनी राखेचे थर पाहिले, काळ्या-तांबड्या खापऱ्या पाहिल्या आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अव्वा, हा बांध हजारो वर्षांपूर्वीचा असणार. लोखंडसुद्धा ठाऊक नसलेल्या माणसांनी घातलेला. मी पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना घेऊन येते. त्यांनी हे डोळ्यांनी बघितलं तर टेकडीला कुणी हात लावणार नाही."

"माजी अक्षता ऱ्हाईल म्हना की मग तितं," काशम्मा म्हणाली.

"राहील."

महिन्याभराने निरोप आला की साहेब सोमवारी येतायत. काशम्माच्या अंगात वारं भरलं. मोठी माणसं येणार, आणि बांधाला ही एवढी घळ! लोक काय म्हणतील, या गावातल्या बायकांनी आपल्या लेकरांची जागा अशी ठेवली? तिने शेजारच्या अंबुबाईला उठवलं, आणखी चौघी गोळा केल्या. त्यांनी घळीतल्या सगळ्या खापऱ्या वेचल्या आणि ओढ्यात नेऊन टाकल्या. राख खरडून काढली. शेतातली काळी माती वाहून घळ गच्च भरली, चोपून बसवली आणि वरून शेणाने सारवलं. दोन दिवस सहा बायका खपल्या. रविवारी संध्याकाळी काशम्माने कमरेवर हात ठेवून बांध न्याहाळला. इतका आनंद तिला मुलांच्या लग्नातही झाला नव्हता.

साहेब आले. काशम्मा पुढे होऊन म्हणाली, "हितं बगा सायेब, हितं लई चांगला हाय." दाक्षायणीबाईंनी तो सारवलेला बांध बघितला आणि घाईघाईने मोबाइल काढला. त्यांनी घळीतल्या थरांचे फोटो दाखवले. साहेब म्हणाले, फोटो कुठलाही असू शकतो, थर जागेवर दिसायला हवा. पलीकडे एका ठिकाणी चर खणला. ताजी माती निघाली, तिच्यात प्लास्टिकच्या हिरव्या बांगड्या आणि एका बाहुलीचा पाय. आणखी खाली जायला साहेबांना वेळ नव्हता. "अलीकडचा भराव आहे," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

काशम्माला काहीतरी चुकलं एवढंच कळलं होतं. तिने बाईंचा हात धरला.

"बाई, खरं सांगा. आमी त्ये तसंच सोडलं असतं तर वाचलं असतं व्हय?"

दाक्षायणीबाईंना खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "हो अव्वा. वाचलं असतं. मीच सांगून जायला हवं होतं, हात लावू नका म्हणून."

बाईंनी पुढे पुष्कळ अर्ज केले. पोकलेनने आठवड्यात माथा उतरवला. सगळ्या आयांची माती मुरमात मिसळून टिपरमधून गेली, आणि कुठल्या मैलावर कुणाचं लेकरू पडलं हे सांगणारं कुणी उरलं नाही. गावाने काशम्माला बोल लावला नाही. लावला असता तर ती भांडली तरी असती. ती बोलेनाशीच झाली. घर सारवणं सोडलं, मुलं पुण्याहून आली तरी उंबऱ्यातून उठली नाही. सोमलिंग आता चूल पेटवतो आणि तिला दोन घास खा म्हणून विनवतो.

परवा गावातल्या शरणबसवची सून काव्या आली. तिचं दीड वर्षाचं लेकरू गेलं, त्याला महिनाही झालेला नाही. पदराखाली झाकून तिने अंगणातली माती आणली होती.

"अव्वा, ही कुटं टाकू?"

"मला इचारू नगंस," काशम्मा म्हणाली. "मीच घालवलं समदं."

काव्याला ते ठाऊक होतं. तरी ती हलली नाही. गावात दुसऱ्या कुणाला विचारणार? ती माती घेऊन तशीच दारात उभी राहिली, आणि काशम्मा तिच्याकडे बघत राहिली.