कादंबरीला स्थळ

निपाणी ते बेळगाव या पट्ट्यात आमच्या निपाणीच्या मामांनी हात घातला आणि जुळलं नाही असं एक लग्न दाखवा, मी नोकरी सोडते. हायवेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत आज जी पोरं शाळेला जातात, त्यातली निम्मी मामांमुळे जन्माला आली, असं आमची आई म्हणायची. आणि आपण काय बोललो हे लक्षात आलं की पदर तोंडाला लावायची. मामा म्हणजे आईचे आतेभाऊ. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, पण ती नुसती पोटापाण्याची सोय. खरा उद्योग सोयरीक जुळवण्याचा, आणि तोही फुकटातला. लग्नात मध्यस्थाचा मान म्हणून एक फेटा बांधून घ्यायचा, पहिल्या पंगतीला बसायचं आणि हात धुता धुता पुढच्या स्थळाची चौकशी सुरू करायची. अर्धी स्थळं ते कानडीतून जमवायचे. “सीमा सरकारची गं,” म्हणायचे, “पावण्यांची न्हवं.” एवढ्या मोठ्या कारकिर्दीत त्यांच्या हातून जिचं जमलं नाही अशी एकच पोरगी, ती म्हणजे मी.

पाहुण्यांच्या घरात शिरण्याआधी मामा दारातल्या चपला बघत. ओळीनं लावलेल्या असल्या तर घर नांदतं, एकमेकींवर पडलेल्या असल्या तर घरात रोज भांडणं, असा त्यांचा हिशोब. एका गावात तर ते चपला बघूनच मागं फिरले. नवऱ्या मुलाचे वडील रस्त्यापर्यंत धावत आले, तर त्यांना म्हणाले, “पावणं, आधी चपला आवरा, मग सून आणा.” हुंडा हा शब्द ज्या घरात निघाला त्या घरचं पाणी ते प्यायचे नाहीत, मग बाहेर कितीही ऊन असो. डोक्यावरची पांढरी टोपी तर जन्मतःच आली असावी. न्हाव्यासमोर बसलं तरी ती मांडीवर धरलेली असे, खाली म्हणून ठेवायची नाही. “टोपी खाली ठिवली की माणूस खाली आला,” हे त्यांचं सांगणं.

आणि सगळ्यात कडक नियम नकाराचा. मुलाकडची मंडळी बघून गेली आणि गप्प बसली, की पुढची अमावस्या उलटायच्या आत मामा आपणच कळवून टाकत, “आमच्याकडनं जमत न्हाय.” नकार कधीही मुलीकडून गेला पाहिजे, म्हणजे पोरीला कुणी नाकारलं असं गल्लीत कुणाला बोलता येत नाही. आणि त्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मुलीकडचा माणूस दुसऱ्यांदा दारात गेला की त्याची किंमत गेली. दारात पुन्हा न जाण्याचा हा नियम मामांनी कुठल्याही पोरीसाठी मोडला नव्हता.

आता माझं सांगते. मी सांबऱ्याच्या, विमानतळाजवळच्या शाळेत मास्तरीण. वाढले बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या मागांच्या खडखडाटात. आई सुताच्या कांड्या भरायची आणि मी तिच्या शेजारी बसून अभ्यास करायची. त्या गल्लीवर आणि एकेक करून बंद पडत गेलेल्या मागांवर मी एक कादंबरी लिहिली. कित्येक वर्षं लिहीत होते. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, जे काही माझ्या आत होतं ते सगळं त्या पानांत ओतलं होतं. ती छापली गेली नाही तर आपण जन्माला येऊन काय केलं, असं मला खरोखर वाटायचं. हसायचं असेल तर हसा.

कडोलीच्या संमेलनाला मी गेले तेव्हा मामाही सोबत आलते. साहित्याची त्यांना गोडी होती असं नाही, तिथल्या जेवणाची होती. एका सत्रात एक वक्ते नव्या लेखकांना समजावत होते. इंग्रजीत म्हणे साहित्याचे एजंट असतात. लेखकाच्या वतीनं तेच प्रकाशकाकडे जातात, बोलणी करतात, करार बघतात. मराठीत तशी पद्धत नाही, आपलं आपणच बघावं लागतं. मामा जेवणाची वाट बघत पेंगत होते ते ताठ बसले.

“म्हंजे ह्या धंद्यात मध्यस्थच न्हाय?”

“न्हाय, मामा.”

“मग पोरी उजवत्यात कशा?”

तिथंच ठरलं. वाढप्यासमोर ताट धरून मामांनी जाहीर केलं, की वडगावच्या कादंबरीचं आता ते बघतील.  मी मनात म्हटलं, माझं जमवताना यांचे हात टेकले, आता हिची पाळी.

पण खोटं कशाला बोला, चौकशी करावी ती मामांनीच. कुठल्या प्रकाशकानं आपल्यासारखी पुस्तकं काढलीत हे मला बघायला लावलं. “ज्या घरात तिखट खात न्हाईत तिथं आपली पोरगी उपाशी मरंल,” म्हणाले. मग त्या प्रकाशकांची पुस्तकं ज्यांनी लिहिलीत त्यांना फोन. बोलणं असं ओरडून, की फोन नसता तरी चाललं असतं: “तुमचं पुस्तक दुकानात दिसतंय का? वर्साला हिशोब दावत्यात का? फोन उचलत्यात का छापल्यावर?” एका प्रकाशकानं कादंबरी न वाचताच कळवलं, की फार सुंदर आहे, ताबडतोब छापू, फक्त छपाईचा खर्च लेखिकेनं द्यायचा. मी जराशी पाघळले होते. मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. “हुंडा मागाय लागलाय ह्यो,” म्हणाले आणि बंद केला.

गोषवाऱ्यावरून मात्र आमचं वाजलं. कादंबरीची सगळी गोष्ट दोन पानांत, शेवटासकट, प्रकाशकाला द्यायची असते, असं वक्त्यांनी सांगितलं होतं. मामांना ते पटेना. “बघायच्या दिवशीच सगळं सांगायचं? शेवट झाकून ठेव.” मी म्हणाले, मामा, अशानं ते फेकून देतील. ते दोन दिवस रुसले, मग म्हणाले, “बरं, सांग. पण पोरीचं रडणं नगं सांगू, ते त्यास्नी आपलं आपण दिसू दे.” खरं सांगते, तो गोषवारा त्यामुळंच सुधारला.

शेवटी पुण्याचं एक स्थळ पक्कं केलं. पोस्टानं पाठवलं तरी चालणार होतं, पण मामा ऐकतात होय. आम्ही एसटीनं गेलो. कार्यालयाच्या दारात चपला ओळीनं होत्या. मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. संपादक बाई वयानं माझ्याएवढ्या, बोलायला नेमक्या. मामांनी हस्तलिखित टेबलावर ठेवलं, वर सुपारी ठेवली आणि हात जोडले. बाई सुपारीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, वाचायला वेळ लागेल, सहाआठ महिने तरी धरा, आम्हीच कळवू. मी हो म्हणाले. मामांची टोपी मात्र तेवढ्यातच कपाळावर खाली सरकली, ती निपाणी येईपर्यंत तशीच होती.

मग वाट बघणं सुरू झालं. वाट बघणं म्हणजे काय ते ज्यानं कुठं काही पाठवलंय त्यालाच कळेल. मधल्या सुट्टीत पोरं डबे उघडायची आणि मी मेल उघडायची. फोन वाजला की हातातला खडू गळून पडायचा. मामा दर सोमवारी विचारत, “आलं का काय?” न्हाय म्हटलं की पलीकडं लांब श्वास. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पुढं मामांनी सोमवारी फोन करायचं बंद केलं. तेव्हा मला हायसं वाटलं. तिथंच ओळखायला पाहिजे होतं.

आठ महिने झाल्यावर धीर करून मीच पुण्याला फोन लावला. शाळेच्या व्हरांड्यात उभी होते, वरून विमान उतरत होतं, म्हणून एक कान बोटानं बंद केलेला. संपादक बाई म्हणाल्या, “अहो, तुम्हीच तर परत घेतलीत. तुमच्या मामांचा फोन आला होता, आमच्याकडून जमत नाही म्हणून. आमच्याकडे ती शेवटच्या वाचनाला होती, घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. आता यंदाची यादी भरली.” विमान उतरलं, आवाज थांबला, तरी मी कानातलं बोट काढलं नव्हतं.

दुपारचीच गाडी धरून निपाणी गाठली. मामा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी गल्लीच्या देखत बोलले, जे कधी बोलले नव्हते ते सगळं. तुमच्या अमावस्या, तुमच्या चपला, तुमची सुपारी, सगळं काढलं. “ती पोरगी न्हाय मामा, ती कादंबरी आहे. तिथं आठ महिने गप्प बसले तर ते वाचत असतात. त्यांनी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?”

 मामा म्हणाले, “तुझ्या वेळंला मी वाट बघत बसलो. पहिल्यांदाच. घर लई चांगलं हुतं म्हणून नकार धाडला न्हाय. वरीस गेलं. त्यांनी दुसरी केली, आन् गल्लीनं तुला नावं ठिवली. मग एक बी स्थळ आलं न्हाय.” टोपी नीट केली. “हिच्या बाबतीत तसं व्हायला नगं, म्हणून केलं गं.”

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की मीच कुणाला पसंत पडले नाही. रडू येत होतं, पण रागही गेला नव्हता. चहा न घेताच मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन. मामा घरात नाहीत, सांगून गेले नाहीत, आणि त्यांचा फोन बंद. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे धरलेले, साखरेच्या गोळ्या घरीच. मुलगा स्टँडवर बघून आला, वखारीत बघून आला, दवाखान्यात बघून आला. मी वर्गात फळ्यावर काय लिहीत होते देव जाणे. मी काल जे बोलले ते एकेक वाक्य मला ऐकू येत होतं. कादंबरी गेली खड्ड्यात, मामा घरी येऊ देत, एवढंच मनात.

संध्याकाळी पुण्याच्या कार्यालयातून फोन आला, संपादक बाईंचाच. “तुमचे मामा इथं आहेत. चहाबिस्किटं खाल्लीत त्यांनी. काळजी करू नका, आमचा माणूस त्यांना गाडीत बसवून देईल.” मी लगेच निपाणीला त्यांच्या सुनेला फोन लावला.

पुढचं मला बाईंनी नंतर सांगितलं. मामा आले, दारात थांबले, या वेळी चपलांकडे बघितलंसुद्धा नाही. आत येऊन त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर, जिथं सुपारी ठेवली होती तिथं, ठेवली. म्हणाले, “चूक माझी. पोरीत काय बी दोष न्हाय. मी दिलेला नकार माघारी घ्यायला आलोय.” बाईंना त्या टोपीचा अर्थ कळला की नाही कुणास ठाऊक, पण त्यांनी ती उचलून दोन्ही हातांनी परत दिली. मला पुढं त्या हसत म्हणाल्या, “टोपीसाठी नाही हो घेतली, कादंबरी चांगली होती म्हणून घेतली. पण टोपी नसती तर फाईल परत उघडली नसती.” पुढच्या वर्षाच्या यादीत तिचं नाव लागलं.

प्रकाशन बेळगावच्या शहापुरातल्या एका लहानशा सभागृहात झालं. मी मामांना फेटा बांधला. पहिल्या रांगेत बसायचं सोडून ते पुस्तकांच्या टेबलाशी उभे राहिले आणि जो प्रत घेईल त्याच्या पायांकडे बघत राहिले.

अलीकडे मामांचं विसरणं वाढलंय. लेकाला भाऊ म्हणतात, सुनेला पाहुणी समजून चहा विचारतात. गेल्या महिन्यात मी गेले, तेव्हा मलाही ओळखलं नाही. कुणाची गं तू, म्हणाले. वडगावची, म्हणाले मी. वडगाव ऐकून चेहरा जरा उजळला.

“वडगावची एक पोरगी मी पुण्याला दिलती. बरी नांदते का?”

“नांदते, मामा. लोक लई चांगलं बोलतात तिच्याबद्दल.”

“तिच्यासाठी टोपी काढलती मी.” टोपी चाचपून बघितली, डोक्यावरच होती. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आन् तिथलीच ती मास्तरीण? तिचं न्हाय जमलं माझ्याच्यानं. रागात असंल माझ्यावर.”

“न्हाय मामा,” मी म्हणाले. “मी तिला ओळखते. तिचं बी बरं चाललंय, आणि ती तुमच्यावर रागात न्हाय.”

मामांनी मान हलवली आणि सुनेला हाक मारून सांगितलं, की वडगावच्या पाहुण्यांना चहा टाक.