माझ्या हातचा मसाला

पोलादपूरच्या शाळेत मी भूगोल शिकवते. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मराठीच्या बाईंनी नऊ वर्षांत माझ्या डब्यातला घास कधी घेतला नाही. तिखट सोसत नाही, पित्त उसळतं, असं सांगायच्या. मी विश्वास ठेवला. त्यांच्यासाठी एकदा बिनमिरचीची आमटीही नेली. त्या दिवशी त्यांचा उपास निघाला.

गेल्या वर्षी सातवीला पिकांचा धडा घेतला. मिरची मूळची अमेरिकेकडची, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. आता तिच्यावाचून थायलंडची आमटी होत नाही, हंगेरीचा रस्सा होत नाही आणि महाडचं कोलंबीचं कालवणही नाही, असं सांगून मी खुशीत खोलीत आले. तर बाई दुसऱ्या एकीच्या डब्यातला लवंगी मिरचीचा ठेचा भाकरीला लावून खात होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या आणखी मागत होत्या. मला पाहून त्यांचा हात थांबला. आम्ही बौद्ध. नऊ वर्षांचं पित्त मला तेव्हा कळलं.

मे महिन्यात बेडगी आणि संकेश्वरी मिरची आणली, कडकडीत वाळवली, देठं खुडली, खोकत खोकत भाजली आणि गिरणीतून कुटून आणली. शाळेतल्या शिपाई मावशींचं माहेर शिवथरचं. तिथला मसाला बाई दरवर्षी त्यांच्याकडून घेतात, हेही मला ठेच्यानंतरच कळलं होतं. मावशींना सगळं सांगून मी माझी बरणी त्यांच्या हाती दिली.

त्या म्हणाल्या, "देते की. इचारलंन तर सांगेन, घरचाच हाय. तुमचं घर काय घर नाय?"

पावसाळाभर बाई त्या मसाल्याचं कौतुक करत राहिल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे जेवायला बसलेले असताना त्यांनी मावशींना विचारलं, मिरची कुठली घालता?

मीच उत्तर दिलं. "अर्धी बेडगी, अर्धी संकेश्वरी. माझ्या घरात भाजलेली, माझ्या हातांनी."

बाईंनी तोंडातला घास कसाबसा गिळला.

"आधी सांगायचं ना," त्या शेवटी म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर पित्त झालं असतं."

दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीपाशी बसायला लागल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मावशींशी मात्र त्यांनी बोलणं टाकलं. काम सांगायचं तर दुसऱ्या शिपायाला हाक मारतात. मावशी म्हणतात, जाऊ द्या. मावशींचं तेवढं माझ्या मनाला लागतं. बाईंचं नाही.